चूल बदलली, स्वयंपाक तोच

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

॥ श्री गणेशाय नमः ॥



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर, शिवचरित्रावर, हुमनाबादच्या माणिकप्रभूंवर व्याख्याने झाली. आज संगणकावर बोलायचे आहे. विषय ऐकून काही मंडळी चहाच्या वेळेला येतील अशी आमची समजूत होती, पण सभागृह भरले आहे. बहुधा प्रसादात आज उकडीचे मोदक आहेत, हे कारण असावे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही चौघे आहोत. एक तालुका कचेरीत नोकरी करणारा पदविकाधारक, एक शाळामास्तर, एक मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा आणि एक कॉलेजात शिकणारी मुलगी. बोलायला कचेरीवाल्याला उभे केले आहे. चुका झाल्या तर त्या चौघांच्या, असे आधीच ठरले आहे.

आपल्या वाचनालयाच्या कोपऱ्यात दोन संगणक होते, हे सर्वांना माहीत आहे. एक २००३ साली घेतलेला, दुसरा २०१३ चा. जुन्यावर मंडळाच्या स्मरणिकांचे टायपिंग होई. नवा हिशेबाला आणि मुलांना. नव्यावर विंडोज १० होती. तिची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि त्यापुढची विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्राला अधिकृतपणे चालत नाही. दोन्ही संगणक भंगारात द्यावेत असा ठराव कार्यकारिणीपुढे आला. तेव्हा आपल्यातल्या एका ताईंनी विचारले, "त्या जुन्यात आमच्या बाबांचे लिखाण आहे, त्याचे काय?"

ते लिखाण म्हणजे काय, ते जुन्या सभासदांना आठवेल. त्यांच्या वडिलांनी १९४८ च्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या होत्या. रझाकारांची दहशत, सप्टेंबरातली पोलीस कारवाई, मग १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे झालेले वाटप. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे राहिले. एकाच घरातली सोयरीक दोन राज्यांत गेली. चाळीस पानांचा मजकूर होता. जागेअभावी स्मरणिकेत सहाच पाने छापली गेली. टाईप झाल्यावर हाताने लिहिलेली वही कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. लिहिणारे आता नाहीत. उरलेली चौतीस पाने फक्त त्या यंत्रात होती, आणि ते यंत्र सुरूच होत नव्हते.

आमच्या कामाची सुरुवात इथून झाली. हौस म्हणून काही करायला आम्ही निघालो नव्हतो.

आता थोडे मूळ विषयाकडे येतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असे शाळेत शिकवतात. पण सगळे मेंदू एकच भाषा समजत नाहीत. आपल्या घरातल्या-कचेरीतल्या बहुतेक संगणकांत इंटेल किंवा एएमडी या कंपन्यांचा प्रोसेसर असतो. त्या कुळाला एक्स-८६ म्हणतात. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आर्म नावाच्या कुळाचा प्रोसेसर असतो. आणि अलीकडे रिस्क-फाइव्ह नावाचे तिसरे कूळ वाढते आहे. एका कुळासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याला नुसता उचलून दिला तर त्याला त्यातले काही कळत नाही.

काकू-मावश्यांसाठी सोपे उदाहरण सांगतो. आपल्या आजीने पुरणपोळी चुलीवर केली, आईने गॅसवर केली, आता सून इंडक्शनवर करते. पुरणाची कृती तीच. पण इंडक्शन आणले त्या दिवशी काय झाले? घरातले ॲल्युमिनियमचे पातेले त्यावर तापेचना. बुडाला लोखंड हवे. आच किती वेळ ठेवायची तेही बदलले. म्हणजे कृती शाबूत राहिली तरी भांडी आणि सवयी बदलाव्या लागल्या. ऑपरेटिंग सिस्टीम एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर नेणे, ज्याला पोर्टिंग म्हणतात, ते नेमके असेच आहे.

यात एक अट आहे. कृती हातात पाहिजे. कोणी तयार लाडू दिला तर तो खाता येतो, पण त्यावरून तूप किती, साखर किती, ते सांगता येत नाही. बाजारातले बरेच सॉफ्टवेअर तयार लाडवासारखे असते. त्याची मूळ कृती, म्हणजे सोर्स कोड, कंपनीच्या कपाटात. कंपनीने ठरवले तर ते नव्या प्रोसेसरवर येईल, नाहीतर नाही. याउलट लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीची कृती सर्वांसाठी उघडी असते. ज्याला नव्या चुलीवर रांधायचे आहे त्याने रांधावे.

कृती उघडी आहे म्हणून काम आपोआप होते असे मात्र नाही. पहिल्यांदा कम्पायलर लागतो. माणसाने लिहिलेला सोर्स कोड त्या त्या प्रोसेसरच्या भाषेत आणणारा हा दुभाषी. मग कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तिथे उभा करावा लागतो. वीज दिल्यावर पहिली आज्ञा कोठून उचलायची, मेमरी कोठे आहे, घड्याळ कोणते, हे प्रत्येक बोर्डाचे निराळे असते. मग पडदा, ध्वनी, वायफाय, छपाई यंत्र यांचे ड्रायव्हर, म्हणजे आपल्या उदाहरणातली भांडी. आणि शेवटी हजारो लहानमोठे प्रोग्राम एकेक करून नव्याने बांधायचे आणि तपासायचे.

हे काम किती मोठे असते याचा एक खरा दाखला देतो. आर्म प्रोसेसरचा जन्म इंग्लंडातल्या केंब्रिजचा. एकॉर्न नावाच्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो रचला आणि एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप चालली. त्याच केंब्रिजमधून २९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या डावाएवढा संगणक निघाला. किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ एमबी. पण त्यावर चालवायचे काय? डेबियन नावाची लिनक्स प्रणाली आर्मवर होती, पण तिची वेगवान आवृत्ती आर्मच्या सातव्या पिढीसाठी बांधलेली. पायमध्ये सहावी पिढी. कूळ एक, पण पिढीचा फरक, म्हणून चालेना. तेव्हा माईक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी पुढाकार घेऊन ती सारी प्रणाली पायसाठी नव्याने बांधली. तिचे नाव रास्पबियन. जून २०१२ पर्यंत ३५ हजारांवर पॅकेजेस बांधून झाली होती. ना कचेरी, ना मोठा कर्मचारीवर्ग. या मंडळाच्या मांडवासाठी सुद्धा यापेक्षा जास्त माणसे लागतात.

त्यावर जो डेस्कटॉप बसवला तो हलका होता. एलएक्सडीई नावाचा हा डेस्कटॉप तैवानच्या हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये सुरू केला. हलका म्हणजे काय? झगमगाट कमी, मेमरीची भूक कमी, आणि खिडक्या, फाईली, मेनू सगळे जागच्या जागी. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये उलटी गंमत झाली. लहान पायसाठी तयार केलेला हा हलका डेस्कटॉप जुन्या साध्या पीसीसाठीही सोडण्यात आला. सुनेने इंडक्शनवर बसवलेली कृती सासूबाईंनी परत गॅसवर करून पाहिली, त्यातला प्रकार.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. ॲपलने आजवर तीनदा प्रोसेसरचे कूळ बदलले. १९९४ मध्ये, २००६ मध्ये आणि २०२० मध्ये. प्रत्येक वेळी जुने प्रोग्राम नव्यावर आणण्यासाठी मोठा खटाटोप करावा लागला. हौशी मंडळींनीही केले आहे. हायकू नावाची एक छोटी, चपळ डेस्कटॉप प्रणाली आहे. २००१ पासून स्वयंसेवक ती घडवत आहेत. तिच्यातल्या एका विकासकाने चिकाटीने २०२१ मध्ये ती रिस्क-फाइव्हच्या बोर्डावर पार डेस्कटॉप दिसेपर्यंत चालवून दाखवली.

आता कोणी म्हणेल, हे झाले परदेशाचे. आपल्याकडे काय? आपल्याच राज्यात बंगळूरला २००१ मध्ये सिम्प्युटर नावाचे हातात धरायचे यंत्र तयार झाले होते. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरची मंडळी यांनी मिळून ते घडवले. आत स्ट्राँगआर्म, म्हणजे आर्म कुळातलाच प्रोसेसर, आणि त्यावर आणलेले लिनक्स. यंत्र भारतीय भाषांत बोलून दाखवी. स्मार्ट कार्ड घालायची सोय होती, म्हणजे गावात यंत्र एक आणि कार्डे अनेकांची. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या कामात ते वापरून पाहिले. त्याच सुमारास आपल्याकडे भूमी प्रकल्पात सुमारे २ कोटी पहाणी पत्रके संगणकावर चढत होती. कचेरीत बसणाऱ्याला त्या दिवसांची गर्दी अजून आठवते. सिम्प्युटर २००४ मध्ये बाजारात आला, पण तो काही हजारच विकला गेला. यंत्र गेले. पण कल्पना चुकीची नव्हती. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे आणि बहुतेक सगळ्यांत आर्मचाच प्रोसेसर.

आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यात नेहमीचे प्रोसेसर नव्हते. ट्रान्सप्युटर नावाच्या निराळ्या जातीच्या चिप्स एकत्र जोडलेल्या होत्या. त्याच सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्या साध्या पीसीवर आणल्या. त्याच काळात ठरलेली इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी जरूर पाहावी. त्यात मराठीचा क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडचा क आहे. एकदा बोटे बसली की दोन्ही भाषा येतात. कचेरीत कन्नडसाठी वेगळी मांडणी चालते, म्हणून आमच्या बोटांना ती नव्याने शिकावी लागली. मुलांना मात्र पंधरा दिवस पुरले.

तर आता आपल्या कोपऱ्यातल्या संगणकांकडे परत येऊ.

जुन्या संगणकाची डिस्क आमच्या दुरुस्तीवाल्या मित्राने बाहेर काढली, जुन्या पद्धतीच्या जोडणीसाठी एक ॲडॅप्टर मिळवला आणि फाईली उतरवून घेतल्या. डिस्क दर पाच मिनिटांनी खरखर करून थांबे. थंड होऊ द्यायची, परत लावायची. रात्री साडेबाराला शेवटची फाईल आली. त्या वेळी आम्ही जो चहा घेतला तसा चहा परत मिळाला नाही.

दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे २०१३ च्या पीसीवर, आम्ही डेबियन आणि हलका डेस्कटॉप बसवला. सभासद विचारतात, २००३ च्या यंत्रावरही का नाही बसवला? कारण ते ३२ बिटांचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने तशा जुन्या पीसींसाठी नवी स्थापना देणे बंद केले. प्रत्येक चूल कायम ठेवता येत नाही. त्याऐवजी देणगीतून एक रास्पबेरी पाय ४०० घेतला. कळफलकाच्याच पोटात पूर्ण संगणक, ४ जीबी मेमरी. तो ५ व्होल्ट, ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालतो, म्हणजे जोर लावला तरी १५ वॉट. वीज गेली की आपला छोटा इन्व्हर्टर तो सहज ओढतो. पीसीत इंटेल कुळाचा प्रोसेसर, यात आर्म. पण समोर बसणाऱ्या मुलाला फरक कळत नाही. तोच मेनू, तीच लिहिण्याची खिडकी, तोच मराठी कळफलक.

मात्र छपाई यंत्र अडले. आपल्या यंत्राचा ड्रायव्हर कंपनीने फक्त इंटेल कुळासाठी तयार करून दिला आहे, कृती दिलेली नाही. पीसीवर छापते, पायवर छापत नाही. तयार लाडवाची ही अडचण. शेवटी यंत्र पीसीलाच जोडले आणि पायने त्याच्याकडे कागद पाठवावा अशी सोय केली. आणखी एक गोष्ट कबूल करतो. पायमध्ये डिस्कऐवजी मेमरी कार्ड असते. एका संध्याकाळी लिहिणे चालू असताना वीज गेली, त्या दिवशी इन्व्हर्टर लावायला आम्ही विसरलो होतो, आणि कार्ड बिघडले. आठवड्याचे काम गेले. दुसरी प्रत ठेवली नव्हती. चूक आमचीच. तेव्हापासून प्रत तीन ठिकाणी असते.

खरे संकट पुढे होते. फाईली आल्या, उघडल्याही, पण दिसायला लागले ते नुसते इंग्रजी अक्षरांचे, टिंबांचे नि डॉलरच्या चिन्हांचे जंगल. जुन्या काळी मराठी टाईप करण्यासाठी प्रत्येकाचा आपापला फाँट असे. तो फाँट असा, की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. फाँट आहे तोवर मराठी दिसते, फाँट गेला की उरते ते इंग्रजी. ते सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे एक कुलूप लावावे लागे, डोंगल म्हणतात त्याला. डोंगल हरवलेला. सॉफ्टवेअर विंडोजसाठी आणि इंटेलसाठी. कृती बंद. म्हणजे आम्ही प्रणाली नव्या चुलीवर नेली होती, पण आपला मजकूर जुन्या चुलीलाच बांधलेला होता.

या वेळी शाळामास्तरांनी आम्हाला मोडीची आठवण करून दिली. आपल्यापैकी कितीतरी घरांत माळ्यावर रुमालात बांधलेली मोडी दप्तरे आहेत. वतनाची, शेताची, कर्जाची, देवस्थानाची. १९५० च्या सुमारास मोडी शाळेतून आणि कारभारातून गेली. भाषा आपलीच, शब्द आपलेच, पण पणतवाला एक ओळ वाचता येत नाही. कोणी ती दप्तरे जाळली नाहीत. फक्त वेळेवर कोणी ती बाळबोधीत उतरवून ठेवली नाहीत, एवढेच घडले. मास्तर म्हणाले, आपण हे आताच उतरवले नाही तर आपल्या हयातीतच ही दुसरी मोडी तयार होईल. आणि मोडी वाचणारे जाणकार तरी आज सापडतात. या फाँटाचे जाणकार सापडणार नाहीत.

तेव्हा आम्ही तक्ता करायला बसलो. स्मरणिकेत छापलेली सहा पाने समोर ठेवायची, पडद्यावरचे जंगल शेजारी, आणि कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर ते एकेक करून लिहायचे. सहा पाने छापली गेली होती म्हणूनच हे जमले. पण नुसती अदलाबदल पुरत नाही. जुना फाँट डोळ्याला दिसेल त्या क्रमाने चालतो. "किती" लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. आजची युनिकोड पद्धत उच्चाराच्या क्रमाने चालते, आधी क आणि मग वेलांटी. रफाराचे उलट. "सूर्य" मधला र जुन्या फाईलीत य च्या नंतर, युनिकोडमध्ये य च्या आधी. ही सगळी उलथापालथ करणारा प्रोग्राम आमच्या कॉलेजातल्या मुलीने पायवर बसून लिहिला. पायवर तो छान चालला. तोच पीसीवर नेला तर मध्येच कोसळला.

दोन रविवार गेले. कारण सापडले ते असे. सी भाषेत एका अक्षराची जागा एक बाईट. आर्मवरच्या लिनक्समध्ये तिचा आकडा ० ते २५५ असा मोजतात. इंटेलवर तोच उणे १२८ ते १२७ असा. जुन्या फाँटाची बरीचशी मराठी चिन्हे १२७ च्या पुढची. आर्मवर तक्त्यातला दोनशेवा खण उघडे, इंटेलवर तोच प्रोग्राम उणे छप्पन्नावा खण शोधी, आणि असा खण असतो कुठे? एक शब्द वाढवला आणि दोन्हीकडे सारखे चालू लागले. पोर्टिंगमधले बरेच कष्ट असल्या एका शब्दाचे असतात, आणि तो शब्द सापडेपर्यंत माणूस स्वतःच्या अकलेवर शंका घेतो. पस्तीस हजार पॅकेजेस बांधणाऱ्यांनी काय सोसले असेल ते त्या दिवशी कळले.

तरी एक गंमत राहिलीच. मराठीत "र्य" निराळा आणि "ऱ्य" निराळा. हा दुसरा, आडवा र हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून तो नेहमी मागे पडतो. आमच्या पहिल्या तक्त्यात दोन्ही एकच झाले. परिणामी एका जुन्या अहवालात "महाप्रसादाच्या आचाऱ्यांना धन्यवाद" याचे "महाप्रसादाच्या आचार्यांना धन्यवाद" झाले. स्वयंपाक करणाऱ्यांना एका रात्रीत आचार्यपद मिळाले. मास्तरांनी लाल पेन घेऊन असे प्रत्येक ठिकाण तपासले. हे यंत्राने होण्यासारखे काम नव्हते. संदर्भ समजणारा माणूसच हवा.

अक्षरे नीट दिसायला फाँटही मुक्त हवा. आम्ही लोहित वापरला. रेड हॅट कंपनीने तो सर्वांसाठी खुला केला आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळला. भाषा मराठी अशी नीट नोंदवली की अनेक फाँट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. ज्येष्ठांची तक्रार होती की संगणकावरचा ल परका वाटतो. ती दूर झाली.

चौतीस पाने पूर्ण झाली. ताईंना वाचनालयात बोलावले. त्यांनी पडद्यावर पहिले पान वाचले, दुसरे वाचले. तिसऱ्या पानावर त्यांच्या आईच्या माहेरची, उदगीरकडची, हकिगत होती. छापील स्मरणिकेत ती नव्हती. त्या म्हणाल्या, "हे बाबांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते." त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. आता तो मजकूर त्यांच्या नातवाच्या फोनवर आहे.

एक शेवटचा प्रयोग सांगतो. रिस्क-फाइव्ह हे तिसरे कूळ अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झाले. त्या प्रोसेसरची भाषा कोणा एका कंपनीची नाही. जो तो परवान्याशिवाय त्याबरहुकूम चिप घडवू शकतो. म्हणून आपल्या देशानेही ती उचलली. आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक कामकोटी यांच्या गटाने शक्ती हे प्रोसेसर घडवले आणि २०१८ मध्ये त्यावर लिनक्स चालले. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने वेगा नावाचे प्रोसेसर केले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने यासाठी डीआयआर-फाइव्ह कार्यक्रम जाहीर केला. चेन्नईच्या सी-डॅकची बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली २००७ पासून आहे. आणि डेबियन १३ ने रिस्क-फाइव्हला प्रथमच अधिकृत स्थान दिले.

आमच्याकडे तसा बोर्ड नाही. पण पीसीवर दुसऱ्या प्रोसेसरचे सोंग आणणारा एक मुक्त प्रोग्राम आहे. त्यात आम्ही रिस्क-फाइव्हचे डेबियन चालवले. फार सावकाश चालले, बैलगाडीसारखे. पण ताईंच्या वडिलांची फाईल उघडली आणि "आचाऱ्यांना" सकट सगळी अक्षरे जिथल्या तिथे दिसली. जी चिप आपल्यापैकी कोणी पाहिलेलीही नाही, तिच्यावर आपल्या गावाची १९४८ ची हकिगत वाचता आली. मजकूर एकदा मोकळा झाला की चूल कोणतीही असो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आमचा दावा मोठा नाही. घरोघरी विंडोज काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. कचेरीची काही कामे, हिशेबाचे काही प्रोग्राम अजून तिथेच चालतात आणि चालू द्यावेत. आमची विनंती एवढीच आहे. घरात जुन्या सीडी, फ्लॉपी, बंद पडलेले संगणक असतील, त्यांत लग्नपत्रिका, वंशावळ, आजोबांची पत्रे, नाटकाच्या संहिता असतील, तर भंगारवाल्याआधी आम्हाला हाक मारा. दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही वाचनालयात असतो. मोडी दप्तर असेल तर आणा, निदान फोटो काढून ठेवू. आणि एक-दोन मुले आमच्याबरोबर बसू द्या. इन्स्क्रिप्ट शिकवू, तक्ता कसा करायचा ते शिकवू. आम्ही चौघे काही कायमचे नाही. हे काम कोणाला तरी पुढे न्यावे लागेल.

आपण ज्याच्यापुढे बसलो आहोत तो देव लेखनिक आहे. व्यासांचे महाभारत लिहून घेताना लेखणी मोडली, तेव्हा बाप्पाने आपला दात मोडून लिहिणे चालू ठेवले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. साधन बदलले, लिहिणे थांबले नाही. आपण एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता मोदकांच्या आड आम्ही येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!